करपा

धाकट्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षी ऊन असं पडलंच नाही. थंड, बारीक पाऊस सारखा चालू. बटाट्याच्या पानांवर तपकिरी डाग दिसले तेव्हा सासूबाईंनी पान उलटं केलं. मागे पांढरी बुरशी होती.

“करपा आलाय. आजच्या आज सगळा पाला कापायचा. पावसानं रोग खाली उतरला तर बटाटे मातीतच सडतील.”

घरामागच्या त्या तुकड्यावर आमचा हिवाळा निघायचा. दोघी विळे घेऊन बसलो. पाला बुंध्याशी कापायचा, पोत्यात भरायचा. सासूबाई मध्येच मान धरून थांबत होत्या. मी चहा आणि पाव आणला, तर पाव तसाच राहिला.

“खा की.”

“जबडा आखडलाय. गारठा, दुसरं काय.” शब्द दातांमधून येत होते. “तुझे सासरे असते तर म्हणाले असते, सुटलो एकदाचा.”

मी हसले आणि वर पाहिलं. सासूबाई हसत नव्हत्या, तरी ओठांचे कोपरे मागे ओढलेले होते.

“आई, कुठं लागलंय का तुम्हाला?”

“नाही गं.”

“बूट काढा.”

“ही ओळ होऊ दे.”

मी चिखलात बसून बूट ओढला. मोज्यात चिंधी, चिंधीखाली अंगठ्याशेजारी काळं भोक. मागच्या आठवड्यात शेणखत पसरताना दाताळ्याचा लोखंडी दात बुटातून पायात घुसला होता, ते त्यांनी आत्ता सांगितलं.

“बोलला का नाहीत?”

“तुम्ही दवाखान्यात निजवलं असतं. मग कोबीची रोपं कोण लावणार, तुझा नवरा? त्याला कोबी नि मुळा सारखाच.”

मी ओरडून नवऱ्याला बोलावलं. त्यानं त्यांना उचलून गाडीत बसवलं. दार आपटलं तशी त्यांची पाठ धनुष्यासारखी ताणली गेली. मला वाटलं, मोडणार. मग शरीर सैल पडलं आणि त्यांनी माझं मनगट पकडलं.

“तू येऊ नकोस. दोन ओळी राहिल्यात.”

“राहू देत.”

“पाला खताच्या ढिगात टाकू नकोस. आणि लगेच उकरू नका. साल घट्ट होऊ दे.”

बोटं सोडवायला नवऱ्याला दोन्ही हात लावावे लागले.

गाडी गेली. पाऊस वाढला. मी विळा उचलला. रस्त्यावर चाकांचा आवाज आला की हात थांबायचा, आवाज पुढे गेला की चालायचा. शेवटची ओळ अंधारात चाचपत कापली.

शुक्रवारी दुपारी सासूबाई दवाखान्यात धनुर्वातानं वारल्या. बटाटे अजून जमिनीत होते.