लाल चिंधी आणि गप्प केलेली घंटी

मित्रांनो, घंटी म्हटल्यावर देवळाकडे किंवा शाळेच्या व्हरांड्याकडे बघू नका. मी फोनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात असते, शेंगदाण्याएवढी. 'मागाचा कट्टा' नावाचा एक ऑनलाइन चर्चामंच आहे, त्याची मी घंटी. आणि आधीच सांगते, मी दया मागायला आलेली नाही. भांडायला आले आहे.

मला घडवलं अभिमन्यूनं. त्याचं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण वडिलांची हयात यंत्रमागावर गेलेली. जुने माग दुरुस्त करणारे जॉबर कमी होत चालले, म्हणून अडलेल्यानं कट्ट्यावर विचारावं आणि जाणत्यानं सांगावं, एवढाच त्याचा हेतू. मला त्यानं तीन कळा दिल्या. सगळ्याला वाज, नाव घेतलं तरच वाज, अजिबात वाजू नको. पहिली कळ चालू ठेवून त्यानं मला लोकांच्या हाती दिलं आणि बाकीच्या दोन उघडून बघायची तसदी कुणीच घेतली नाही. मग काय, बोंबलायचं मी आणि शिव्याही खायच्या मीच!

माझी खरी नोकरी नागनाथअण्णांच्या फोनात. अण्णा चाळीस वर्षं जॉबर. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, हात मात्र शाबूत. कारखान्यात हाक ऐकू यायची नाही, म्हणून माग अडला की विणकर त्याच्यावर लाल चिंधी टांगायचा. चिंधी दिसली की अण्णा निघाले. चिंधी नसेल तर कुणाच्या मागाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. काम सुटल्यावर ते घरात नुसते बसून असत. कट्ट्यानं त्यांना उठवलं. लोक बिघडलेल्या मागाचा फोटो टाकत, अण्णा बघून इलाज सांगत. मी वाजले की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मलाही लई भारी वाटायचं.

घोळ झाला तो राम-रामचा. अण्णांनी उत्तर दिलं की खाली पन्नास जण 'राम राम अण्णा' लिहायचे. राम-राम घातला आणि उलट घातला नाही तर माणूस उर्मट ठरतो, म्हणून अण्णा प्रत्येकाला वेगळा राम-राम घालायचे. त्यावर पुन्हा त्या लोकांची हात जोडल्याची चित्रं. दिवसाला दोनशे वेळा मी वाजायची, तीही पूर्ण आवाजात, कारण अण्णांना कमी ऐकू येतं. पाळण्यात त्यांचं तान्हं नातवंड. त्याचा डोळा लागला की मी वाजलेच. सून पायल रडकुंडीला आली आणि एका दुपारी तिनं माझी तिसरी कळ दाबली. बाळ उठेपर्यंत, असं ती म्हणाली होती. नंतर विसरली.

अकरा दिवस मी मुकी होते, मित्रांनो. अण्णा फोन समोर ठेवून बसायचे. उपरण्यानं पुसायचे, परत ठेवायचे. उघडून बघतील तर शपथ! हाक आल्याशिवाय जायचं नाही, हा नेम आडवा. आठव्या दिवशी त्यांनी दाढी करणं सोडलं. जेवण निम्म्यावर आलं. आपली आता कुणाला गरज उरली नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि माझ्या पोटात त्यांचं नाव घेऊन मारलेल्या हाका साचत होत्या. त्यातल्या चार एकट्या सोनाबाईच्या. ओरडावंसं फार वाटलं, पण तोंड बांधलेलं.

सोनाबाईचे घरचे दोन माग. एकाचा धोटा, म्हणजे धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, उडून भिंतीवर आदळत होता. नवे कारागीर म्हणाले, भंगारात काढा. शुक्रवारी भंगारवाला येणार होता. बुधवारी ती स्वतःच अण्णांच्या दारात उभी राहिली. हाक मारली नाही. हातातली लाल चिंधी वर धरली.

अण्णा उठले आणि चपला शोधू लागले.

चपला पायात सरकवल्यावर मग ती त्यांच्या कानाशी बोलली. "आण्णा, चारदा नाव घिऊन विचारलं की. तुमी कुटं व्हता?"

तिनं आपल्या फोनवर चारही हाका दाखवल्या. अण्णांनी त्या दोनदा वाचल्या. पायलचा चेहरा उतरला. कळ मीच दाबली मामा, असं तिनं सांगून टाकलं. अण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. ते खालीच बसले.

"मला वाटलं, मी संपलो," ते म्हणाले.

मग ते सोनाबाईच्या घरी गेले. तिथं त्यांना कळलं की धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो ती सुताभर वाकडी झाली होती. संध्याकाळपर्यंत माग चालू. शुक्रवारी भंगारवाला रिकाम्या हातानं गेला.

अण्णा घरी आल्यावर पायल माझी पहिली, सगळ्याला वाजायची कळ पुन्हा दाबायला निघाली. अण्णांनी फोन काढून घेतला. चष्मा लावून त्यांनी स्वतः मधली कळ शोधली, आवाज बंद केला आणि माझ्या जागी फोनचा दिवा लुकलुकायची सोय तिच्याकडून करून घेतली. मग कट्ट्यावर लिहिलं, "सगळ्यांना रोज सकाळी माझा एक राम-राम. उलट घालू नका. माग अडला तर माझं नाव घ्या, अडला नसेल तर चालवा." काहींनी कुरकुर केली की म्हातारा चढेल झाला. अण्णांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्यांचे हात शिवशिवत होते, मी बघितलं आहे.

तर मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. मी कटकटी नाही आणि घुमीही नाही. तुम्ही ज्या कळेवर ठेवाल तिथं मी राहते. काल बाळ झोपलेलं असताना दिवा लुकलुकला आणि अण्णा पाय न वाजवता चपलांकडे गेले. माझं तोंड खुशाल बांधा. पण त्याआधी बघून घ्या, दारात तुमचं नाव घेऊन कुणी उभं आहे का.