दोन्हीकडे एकच पत्ता

वेगळं व्हायचं ठरल्यावर घर, गाडी, पुस्तकं यांचा निकाल नवराबायकोंनी एका दुपारीच लावून टाकला. घोडं अडलं ते ऑफिसपाशी. पुलांचे आणि इमारतींचे नकाशे करणारं ते ऑफिस दोघांनी एकवीस वर्षांपूर्वी एका भाड्याच्या खोलीत काढलं होतं. आकडेमोड त्याची, नकाशे तिचे. शिवाय कॉम्प्युटर, तारा, प्रिंटर, जे जे म्हणून बिघडतं ते तिच्याच गळ्यात पडलेलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तो आतून हाक मारायचा, "अगं, जरा येतेस का?" आणि "कधी शिकणार आहेस तू?" असं म्हणत ती उठायची.

दहा महिन्यांपूर्वी त्यानं तिला समोर बसवून सांगितलं होतं, की आयुष्यात कोणीतरी आलंय. अगदी अलीकडेच. त्याचं त्यालाही कळलं नाही म्हणे. ती भांडली, रडली, शेवटी थकली. पण 'अलीकडेच' हा शब्द तिनं मनाशी घट्ट धरून ठेवला होता. निदान त्याआधीची वर्षं तरी आपली होती, असं ती स्वतःला बजावायची.

आता तो पाच तासांवरच्या दुसऱ्या शहरात, त्या बाईंच्या घरी राहायला गेला होता. ऑफिस मोडायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आठ माणसांची पोटं त्यावर होती. तो तिथून काम करणार, आणि त्यासाठी इथल्या सर्व्हरवरचे नकाशे त्याला तिथे दिसायला हवेत. बाहेरून माणूस बोलावता आला असता, पण एकवीस वर्षांत हे काम तिनं कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं.

"म्हणजे नक्की काय करायचं?" काकांनी विचारलं. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. अजूनही कानावर पेन्सिल ठेवून कॉम्प्युटरसमोर बसत.

"इथल्या राउटरपासून साहेबांच्या लॅपटॉपपर्यंत एक भुयार खणायचं. इंटरनेट सगळ्यांचं, पण या भुयारातून काय जातंय ते आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही. व्हीपीएन म्हणतात त्याला."

"आणि माती कुठे टाकायची?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. एक मांडणी, एक पंखा, एक स्टूल. सकाळी दहाला ती आत शिरली. राउटरवर व्हीपीएन चालू केलं, इंटरनेटवाल्यांकडून कायमचा पत्ता मागून घेतला होता तो टाकला, त्याच्यासाठी चावीची फाइल बनवली. वापरणाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यात तिचा हात थोडा थबकला. घरात ती त्याला ज्या नावानं हाक मारायची ते बोटांवर आलं होतं. तिनं सरळ त्याचं आडनाव लिहिलं आणि फाइल पाठवून दिली.

दुपारी दोनला त्याचा फोन आला. "जोडलं गेलंय असं दाखवतंय. हिरवा दिवापण आहे. पण नकाशांचा फोल्डर काही उघडत नाही."

तिनं इथून तपासलं. भुयार ठीक होतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुमच्या घरच्या नेटवर्कचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता योगायोगानं एकच असणार. म्हणजे तू सर्व्हर शोधतोयस, आणि लॅपटॉप तो तुमच्याच घरात हुडकत बसलाय. एक पत्ता बदलावा लागेल. घरच्या राउटरवर जा."

"ते मला नाही जमायचं गं. थांब, हिला देतो."

नको म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला होता. ती स्टुलावर ताठ बसली. त्या बाईंशी ती कधीच बोललेली नव्हती.

"नमस्कार, ताई," पलीकडून आवाज आला. मऊ होता, थोडा घाबरलेला. "मी शाळेत शिकवते, मला यातलं फारसं कळत नाही. पण तुम्ही सांगाल तसं करते."

ताई. तिनं तो शब्द गिळला. "लॅपटॉप तुमच्यासमोर आहे ना? आधी मला तुमच्या घरच्या नेटवर्कचा पत्ता वाचून दाखवा." कुठे बघायचं तेही तिनं सांगितलं.

बाईंनी एकेक आकडा शाळेतल्यासारखा स्पष्ट वाचला. "एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. त्रेसष्ट. एक."

"तिसरा आकडा परत सांगा."

"त्रेसष्ट."

राउटर दुकानातून येतो तेव्हा तिथे शून्य असतं, नाहीतर एक. त्रेसष्ट कधीच नसतं. त्रेसष्ट ही तिची सवय होती. त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा नंबर त्रेसष्ट होता, म्हणून ती जो राउटर लावी त्यात तोच आकडा घाली, ऑफिसच्याही.

"हा आकडा कोणी घातला?" तिनं विचारलं.

"तुम्हीच की, ताई. आपलं बोलणं नव्हतं झालं तेव्हा. यांनी राउटर आणला, तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही सांगत गेलात तसे ते बटणं दाबत गेले. मी कागदावर लिहून घेत होते. अजून आहे तो कागद माझ्याकडे, पासवर्डही त्यावरच आहे."

"कधीची गोष्ट?"

"तीन वर्षं झाली असतील. हो, या घरात मी राहायला आले त्याच महिन्यात. हे तेव्हा येऊन-जाऊन असत."

पंखा फिरत होता. तिला तो फोन आठवला. ती घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला होता, एका क्लायंटच्या घरी बसलोय, म्हातारा माणूस आहे, बिचाऱ्याला राउटर लावता येत नाही, जरा सांग ना. तिनं अर्धा तास न कंटाळता सांगितलं होतं. शेवटी म्हणालीही होती, "त्यांना म्हणावं, काही अडलं तर केव्हाही फोन करा."

"ताई? ऐकताय ना?"

त्या बाईंना ठाऊक नव्हतं. आवाजावरूनच कळत होतं. बायकोला सगळं आधीपासून माहीत आहे, असंच त्यांना सांगितलं गेलं असणार.

फोन ठेवून द्यावा असं एकदा वाटलं. पण बाहेर काका पुलाच्या खांबाचा नकाशा उघडून बसले होते, शुक्रवारी तो क्लायंटकडे जायचा होता आणि नवऱ्याच्या तपासणीशिवाय जाऊ शकत नव्हता. "ऐकतेय," ती म्हणाली. "कागदावरचा पासवर्ड टाका. आता डावीकडे नेटवर्क असं लिहिलेलं असेल ते दाबा. त्रेसष्ट खोडा."

"त्या जागी काय लिहू?"

"काहीही लिहा. तुमच्या मनाला येईल तो आकडा."

बाई जरा अडखळल्या. "अठरा चालेल?"

"चालेल."

राउटर बंद होऊन चालू झाला. दोन मिनिटांत बाईंचा आनंदी आवाज आला, "उघडलं, ताई. सगळे नकाशे दिसतायत." मग फोन परत त्याच्याकडे गेला.

"तू म्हणजे ना," तो म्हणाला, "तुझ्याशिवाय जमलं नसतं."

"क्लायंट म्हणाला होतास," ती म्हणाली. "म्हातारा माणूस."

तो उठून बाहेर गेला असावा. दार लावल्याचा आवाज आला, मग बाहेरची रहदारी ऐकू आली. "सांगणार होतो," तो शेवटी म्हणाला. "तुला अजून त्रास नको म्हणून..."

"तिलाही खोटंच सांगितलंस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. "खांबाचा नकाशा आज बघून घे. आणि यापुढे तिकडचं काही बिघडलं तर तिथलाच कोणीतरी बोलाव. मी फोन उचलणार नाही."

तिनं फोन बंद केला, जिन्याखालचं दार आतून ओढून घेतलं आणि तोंडावर ओढणी दाबून रडली. दहा महिन्यांपूर्वी रडली होती ते पुढच्या दिवसांसाठी. आज मागची वर्षं गेली होती. त्या तीन वर्षांत त्यांनी दोनदा प्रवास केला होता, तिच्या वडिलांच्या आजारपणात तो रात्रंदिवस दवाखान्यात बसला होता, एका वाढदिवसाला त्यानं तिला रडवलं होतं आनंदानं. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, तिला कळेना.

काकांनी दारावर टकटक केलं तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चहाचा कप मांडणीवर ठेवला.

"खांबाचा नकाशा आला परत," ते हळूच म्हणाले. "साहेबांनी एक चूक काढलीय. माझीच होती."

ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली. लाल रंगात सळ्यांचं अंतर बदललेलं होतं. तिनं आकडे पुन्हा करून पाहिले. त्याचं बरोबर होतं.

"दुरुस्त करा, काका, आणि छापायला द्या," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. काका ओळी बदलत राहिले. मधूनमधून ते तिला काहीतरी विचारत, तिला येत असे तेवढं ती सांगत असे, आणि डोळ्यांतलं न थांबणारं पाणी ओढणीनं पुसत असे.