यादीतलं नऊ नंबरचं तण

सत्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्या माणसाला कुणाच्याही मदतीची गरज लागत नाही. ताईला मात्र मी लागलो, कारण पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं.

आमच्या वसाहतीमागे झाडी संपून गवताळ माळ सुरू होतो, त्या कडेला एक जांभळं रानफूल येतं. पाच पाकळ्या, त्यांवर शिरांच्या बारीक रेघा, पंजासारखी चिरलेली पानं आणि फळ थेट बगळ्याच्या चोचीसारखं. ताईनं तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर चौकशी करायला तिला दोनच उरलेत, आधी हे फूल, मग मी.

उद्यान खात्याची नोटीस लागली : माळावरचं यादीतलं नऊ नंबरचं तण मंगळवारी कापून वर तणनाशक मारण्यात येईल. खात्याच्या लेखी नऊ नंबर म्हणजे ताईचंच फूल. मंगळवारी सकाळी दहाला आम्ही कचेरीत हजर.

"बाई, ते तणच आहे," साहेब म्हणाले. "आमच्याकडे नमुना आहे."

"दाखवा."

कपाटातून कागद निघाला. त्यावर चिकटवलेलं वाळकं रोप आणि खाली साहेबांचीच सही. ताईनं भिंग लावलं.

"कशावरून ओळखलंत?"

"पानावरून. सेम आहे की."

"तुमच्या आणि या माझ्या भावाच्या मिशा सेम आहेत. म्हणून हा आज तुमच्या घरी जेवायला बसला तर चालेल?"

मला चाललं असतं.

"मूळ बघा, दोऱ्यासारखं! हे बाहेरून आलेलं, एका हंगामात मरणारं. माळावरचं माझं फूल इथलं आहे, आणि वर्षानुवर्षं त्याच कंदातून उगवतंय."

"मग तुमचं उपटून आणा, मुळासकट. नमुना आल्याशिवाय कापणी थांबत नाही. नियम आहे."

"जिवंत राहावं म्हणून मारून आणू?"

ताईचा हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. तो लागला की मी पलंगाखाली जायचो. कचेरीत पलंग नव्हता.

"आजोबांचं वय कळावं म्हणून तुम्ही त्यांना उभं चिरलं होतंत का? उठा! चला माळावर!"

साहेब उठले. सगळी कचेरी काम सोडून बघत होती, तेव्हा बसून राहण्यात तरी काय अर्थ होता?

माळावर मशीनवाला इंजिन चालू ठेवूनच बसला होता. पहिलं गवत पडलंही होतं. फुलं तिथून दहा पावलांवर.

"बंद कर ते!" ताई ओरडली.

"साहेब बोलले तर करतो."

साहेबांनी हात वर केला. इंजिन थांबलं.

"गुडघ्यावर बसा," ताई म्हणाली. साहेब बसले. पिशवीतून तिनं दात घासायचा जुना ब्रश काढला आणि एका रोपाच्या बुडाची माती हळूहळू झाडली. आल्यासारखा, बोटभर जाड आडवा कंद उघडा पडला.

"त्यावरचे वण मोजा. दर वर्षीच्या वाळलेल्या देठाचा एक. मोठ्यानं मोजा!"

"एक... दोन..." साहेब सहापर्यंत गेले.

"कमीत कमी सहा वर्षं हे इथं आहे. तुम्ही या खात्यात किती?"

"चार."

"मग उपरं कोण?"

मशीनवाला खोकला. हसू लपवायचं होतं बहुतेक. साहेबांनी खिशातली यादी मांडीवर पसरली, नऊ नंबरपुढे 'हा माळ वगळून' असं लिहिलं, सही केली. मशीन वळून निघून गेलं.

ताईनं कंदावर माती लोटली, दाबली आणि पुन्हा सुरू झाली. कपाटातल्या कागदावर विसंबून सही ठोकणाऱ्यांना काय म्हणावं, रोपाकडे वाकून न बघता यादी करणाऱ्यांवरच आधी औषध फवारायला हवं, वगैरे. पाच मिनिटं तिनं श्वास घेतला नाही. साहेब मान खाली घालून तसेच बसलेले. मला वाटलं, माणूस आतून हलला.

"बाई, सगळं मान्य," शेवटी ते हळूच म्हणाले. "फक्त जरा हात द्या. गुडघा धरलाय, उठता येत नाहीये."