निकालानंतरचा रविवार

“काका, पंखा राहू द्या.”

कृष्णराव शिडीवर होते. वायर सोडवून झाली होती, आता पंखा हुकातून काढायचा तेवढा बाकी होता. खाली कुंदन उभा होता. बिशपसाहेबांच्या कार्यालयाचा वकील; वयानं पोरगेलासा, बोलायला नरम. चर्चचा ताबा घ्यायला तो सकाळीच शहरातून लाखनीला आला होता.

“हा माह्या मायच्या नावानं देल्ला पंखा हाय,” कृष्णराव म्हणाले. “बिशपनं नाही देल्ला.”

“दिला ना? मग तो चर्चचा झाला. अन् चर्चचं सारं ट्रस्टचं. मी नाही म्हणून राहिलो काका, कोर्ट म्हणून राहिलं.”

सारी उमर कृष्णरावांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून काढली होती. उघडी वायर लोंबकळत ठेवून खाली उतरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी वायर पुन्हा जोडली, टेप गुंडाळली, उतरून बटण दाबलं. पंखा फिरला. मग ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

ही पायरी त्यांच्या आज्यानं बसवलेली. मंडळीतल्या पहिल्या ख्रिस्ती घरांनी स्वतः विटा पाडून हे चर्च उभं केलं होतं. त्याच वेळी जमीन आणि इमारत त्यांनी बिशपांच्या धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावानं लिहून दिली. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. देवाचंच घर, कोणाच्या का नावावर असेना.

वावगं वाटायला लागलं ते उपासना चालवणारे जुने पाळक निवृत्त झाल्यावर. बदली पाळक आलाच नाही. मंडळीचे सचिव म्हणून कृष्णरावांनी अर्ज केले, शहरात खेपा घातल्या. बिशपसाहेब कधी दौऱ्यावर, कधी बैठकीत. दोन वर्षं लेकरांचे बाप्तिस्मे अडले. मंडळीतला धनीराम गेला तेव्हा कबरीपाशी शास्त्रातलं वचन कृष्णरावांनीच वाचलं, आणि वाचताना ओळ चुकली. ती चूक त्यांना अजून सलत होती.

मग एका सकाळी चर्चच्या आवारात, हायवेच्या बाजूला, खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. बिशपांच्या कार्यालयानं ती जागा एका ढाबेवाल्याला भाड्यानं दिली होती. मंडळीच्या कमिटीनं जाब विचारला, तर उत्तर आलं की मालमत्ता ट्रस्टची आहे, कमिटीला विचारायचा हक्क नाही. पुन्हा विचारलं, तर कमिटीच बरखास्त.

तेव्हा मंडळीची सभा भरली आणि बिशपांपासून वेगळं व्हायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. एकच हात पदराखाली राहिला, तो कृष्णरावांच्या बायकोचा, रंभाबाईचा.

घरी जाताना त्यांनी विचारलं, “काहून नाही उचलला हात?”

“तुमाले बिशपले हरवाचं हाय जी,” ती म्हणाली. “मले रविवारी तिथं जाऊन बसाचं हाय. येवढंच.”

“मी काय मजेनं भांडून राहिलो का?”

“नाही. पण मले वेगळं नाही व्हाचं.”



चर्च कोणाचं, हा दावा भंडाऱ्याच्या कोर्टात गेला आणि निकाल लागला. ज्यांना जायचं ते खुशाल जाऊ शकतात. चर्च मात्र बिशपांच्या अधिकाराखाली राहणाऱ्यांचं. मग तिथं एकच माणूस उरला तरी. कृष्णरावांनी आपल्या वकिलाला पुन्हा पुन्हा विचारलं, बांधलं आम्ही, राखलं आम्ही, दर पावसाळ्याआधी कौलं फेरली आम्ही, त्याचं काहीच नाही का? वकील म्हणाला, त्याचा कायद्यात हिशेब होत नाही. या एका वाक्यानं ते जितके चिडले, तितके हरण्यानंही चिडले नव्हते.

चर्चला कुलूप लावून कुंदन पायरीवर कृष्णरावांच्या शेजारी टेकला. रविवारपासून नवे पाळक येणार, त्यानं सांगितलं.

“आता कुठून गावला पाळक?” कृष्णरावांनी विचारलं.

कुंदन किल्ली खिशात टाकून उठला. जाताना तो त्यांच्या पाया पडला. त्याचाही कृष्णरावांना रागच आला.

रविवारी मंडळी घनश्यामच्या धानाच्या गोदामात जमणार होती. घनश्याम हिंदू, जुना शेजारी; त्यानं आपणहून जागा झाडून, ताडपत्री अंथरून दिली होती. कृष्णराव निघाले तेव्हा रंभाबाई दारात उभी होती. पांढरं लुगडं नेसलेली, हातात पवित्र शास्त्र. तिचे गुडघे दुखायचे. चर्चपर्यंत पायी जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

“बस,” स्कूटर चालू करत ते म्हणाले.

चर्चच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर थांबवली. ती हळूहळू उतरली, पदर सारखा केला आणि मागं न पाहता आत गेली. आत नवे पाळक होते, त्यांचा ड्रायव्हर होता आणि ती. पाळकांनी गीत सांगितलं. इथं गाण्याची सुरुवात कोण करतं, हे त्यांना ठाऊक नसावं. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग रंभाबाईनं एकटीनंच सूर लावला. फार खालचा लागला, पहिल्याच ओळीत दम पुरेना.

गोदामात सगळे कृष्णरावांसाठी खोळंबले होते. खिशातला फोन वाजत होता. त्यांनी तो बंद केला, मग स्कूटरचं इंजिनही बंद केलं, आणि गीत संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले.