फ्रंट आणि मिस युलांची झोप

डेलमर टिडवेलला मासा मिळाला नाही असं आमच्या कूपर्स बेंड गावात कोणी म्हणत नसे. फ्रंट गेला होता, असं म्हणत.

उत्तरेकडची थंड हवा खाली अलाबामात उतरते तेव्हा एक दिवस ढग, गडगडाट आणि पाऊस होतो. दुसऱ्या दिवशी आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळंशार दिसतं. यालाच आम्ही फ्रंट म्हणतो. तो यायच्या आधी तळ्यातले बास मासे लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे खातात. तो गेला की तेच मासे बुडालेल्या झाडांच्या मुळाशी किंवा धक्क्याच्या सावलीत जाऊन बसतात आणि तोंड उघडायचं नाव काढत नाहीत. हे सगळं खरं आहे. फरक एवढाच, की डेलमरचा फ्रंट बारमाही होता. ऑगस्टात, जेव्हा झाडाचं पानसुद्धा हलायला कंटाळतं, तेव्हाही तो तळ्यावरून रिकामा येई आणि म्हणे, "वर टेनेसीत एक बारीकसा गेला. इथं जाणवतो तो."

त्याच्या ज्ञानाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात भिंतीवर हवेचा दाब दाखवणारा बॅरोमीटर होता आणि सकाळी कॉफीच्या आधी तो त्याच्यावर टिचकी मारी. गळ आणि आमिषं विकणाऱ्या दुकानात बसून त्यानं अर्ध्या गावाला शहाणं केलं होतं. "फ्रंट गेल्यावर माशाला घाई नसते, मग तुम्हाला कशाला हवी? रबरी गांडूळ तळाशी सोडा आणि विसरून जा. हलवायचं नाही. श्वाससुद्धा दमानं घ्यायचा." लोक ऐकत, तसं करत आणि मासे आणत. डेलमरला तेवढं ते जमत नसे. त्याचा हात स्वस्थ राहायचा नाही. रविवारी प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसलेले असताना त्याच्या हातातलं गाण्यांचं पुस्तक मध्येच झटका खाऊन वर येई.

मार्चमध्ये त्याच्या बायकोनं, रोवीनानं, जेवताना विषय काढला. तिची आई, मिस युला (आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं मिसच म्हणतात), त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला होती आणि लाकडांचे ट्रक बरोबर तिच्या खिडकीखाली गिअर बदलत. ट्रक नसते तरी फार फरक पडला असता असं नाही. नवरा, ओटिस, गेल्यापासून मिस युलांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घराच्या मागच्या बाजूला, जिथं चिटपाखरू नाही अशा जागी, गॅरेज होतं. त्यात डेलमरची बोट झोपायची.

"शनिवारी चर्चची मासेमारीची स्पर्धा आहे," रोवीना म्हणाली. "तू जा. एक मासा आण. मोठा नको, मापात बसणारा एक. स्वतः धरलेला. आणलास तर बोट राहील. नाही आणलास तर बोट विकायची आणि गॅरेजात आईची खोली करायची."

"आणि फ्रंट आला तर?"

"तर तो येऊन जाईल. आई राहील."

"मी काही बोलले नाही हं," मिस युला ताटातले वाटाणे एका बाजूला सारत म्हणाल्या.

त्या रात्रीच्या बातम्यांत हवामानवाल्या पोरानं नकाशा दाखवला. त्यावर फ्रंटची निळी दातेरी रेघ होती. डेलमरला ती आपल्या बोटीवरूनच करवतीसारखी जाताना दिसली.

आमच्या स्पर्धेत बोटीतला आपला जोडीदार आपण निवडत नाही. बुधवारी प्रार्थना झाली की ब्रदर हॉलिस, म्हणजे आमचे धर्मगुरू, आपल्या टोपीत चिठ्ठ्या टाकतात. चर्चचं कोणीही नाव देऊ शकतं, पण शहाणी माणसं देत नाहीत. डेलमरनं चिठ्ठी काढली, उघडली आणि परत मिटली.

"वाच की," ब्रदर हॉलिस म्हणाले.

"मिस युला."

मागच्या बाकावर कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं त्याचा खोकला केला.

"तुम्ही नाव कशाला दिलंत?" डेलमरनं विचारलं.

"घरात बसून ट्रक मोजायचा कंटाळा आला, म्हणून दिलं."

"देवाची योजना अगाध आहे," ब्रदर हॉलिस म्हणाले आणि त्यांनी घाईघाईनं टोपी पुढे केली.

शुक्रवारी विजा कडाडल्या. शनिवारी सकाळी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि वारा असा गार, की धक्क्यावर उभी माणसं हात बगलेत घालून नाचत होती. डेलमरनं आभाळाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मिस युला ओटिसचा जुना कोट घालून, वर गोधडी गुंडाळून आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन बोटीच्या पुढच्या खुर्चीत बसल्या. ती डेलमरची खुर्ची होती. तो मागे जाऊन बसला.

सकाळभर त्यानं तळं झोडपलं. आधी चमकणारा गळ, मग फिरणारा, मग खडखडणारा. इकडे टाक, तिकडून ओढ, बोट हलव, पुन्हा टाक. माशांचा पत्ता नव्हता.

"डेलमर," शेंग सोलत मिस युला म्हणाल्या, "ते काय आहे हे त्या माशाला एकदा बघू तरी दे."

"मिस युला, यामागे शास्त्र आहे."

"असेल बाबा. मासा शाळेत गेला नसेल."

दुपार झाली. शेजारून जाणाऱ्या बोटींतली माणसंही माना हलवत होती. शेवटी डेलमरनं इतके दिवस दुसऱ्यांना सांगितलं तेच करायचं ठरवलं. एका मोडक्या धक्क्याच्या सावलीत त्यानं रबरी गांडूळ नेमकं टाकलं. ते तळाला लागलं. आता थांबायचं. हाताला लगेच मुंग्या येऊ लागल्या. हात झटका देणार हे त्याला कळलं, तसा तो उठला.

"जरा ही काठी धरा. मी दुसरी तयार करतो. हलवायची नाही. का नाही हलवायची, ते सांगतो."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. हवेचा दाब वाढला की माशाच्या पोटातल्या पिशवीला काय वाटतं, आभाळ निळं झालं की त्याच्या डोळ्यांना काय वाटतं. कॅनडापासून निघालेली हवा इलिनॉयपर्यंत आणून त्यानं मागे वळून पाहिलं. मिस युलांची मान छातीवर आली होती. दोन्ही मुठी काठीवर आवळलेल्या, काठी गोधडीत, गोधडी हनुवटीपर्यंत. त्या घोरत होत्या. ऐकणाऱ्याला झोप लागणं हे डेलमरला नवीन नव्हतं. तो पुढे बोलत राहिला आणि हवा टेनेसीत शिरली.

तेवढ्यात दोरा बाजूला सरकू लागला. वाऱ्यानं नव्हे, कुणीतरी मुकाट्यानं चोरून नेल्यासारखा.

"मिस युला," तो कुजबुजला. मग मोठ्यानं, "मिस युला."

काठी गोधडीतून ओढली जाऊ लागली. कुणीतरी आपलं पांघरूण खेचतंय अशा समजुतीनं मिस युलांनी डोळे न उघडता, चांगली साठ वर्षांच्या संसाराची ताकद लावून ते परत खेचलं.

"ओटिस, तुझ्या बाजूला आहे की पुरेसं," त्या म्हणाल्या आणि जाग्या झाल्या. काठीच्या टोकाला मासा होता.

मापात बसत होता, पण जेमतेम.

डेलमरनं मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि बोट परत वळवली. मग मिस युला म्हणाल्या, "रोवीनाला सांग, तू धरलास. काठी तुझी, गळ तुझा, टाकलासही तूच."

"तुम्हाला गॅरेज हवंय ना?"

"हवं होतं," त्या म्हणाल्या आणि पाण्याकडे बघत बसल्या.

मोठ्या स्पर्धांत जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्राला जोडतात. आमच्याकडे मिस व्हर्लीन आहेत. गावातल्या यच्चयावत माणसांना त्यांनी तिसरीत शिकवलंय. वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून त्या बसतात आणि प्रत्येकाला चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारतात. कुणी तिसरीत परत जायला तयार नसतो, म्हणून सगळे खरं बोलतात.

"मासा कोणी धरला?" मिस व्हर्लीननी विचारलं.

डेलमरच्या मागे रोवीना हाताची घडी घालून उभी होती. मिस युला शेंगांची टरफलं झटकण्यात गुंतल्या होत्या.

"गळ मी टाकला," डेलमर म्हणाला.

"मी ते विचारलं नाही, डेलमर."

त्यानं बोटीकडे पाहिलं. त्याचा हात उगाचच एकदा झटका खाऊन वर आला.

"त्या झोपल्या होत्या," तो म्हणाला.

"कोण?"

"ज्यांनी मासा धरला त्या."

लोक हसले. रोवीना हसली नाही. ती पुढे आली.

"आई झोपली होती?"

"घोरत होत्या."

"किती वेळ?"

"मी हवेचा दाब समजावून सांगत होतो, तेवढा वेळ."

"म्हणजे पुरेशी झोप झाली," मागून कोणीतरी म्हणालं.

रोवीनानं आईकडे पाहिलं. मिस युलांचे गाल गारठ्यानं लाल झाले होते आणि एका गालावर गोधडीची शिवण उमटली होती. रोवीनानं ती शिवण अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं.

"पैज तू हरलास," ती डेलमरला म्हणाली. "गॅरेज आईचं."

"गॅरेज घेते," मिस युला म्हणाल्या. "पण बोट तिथंच राहू दे. मला झोप तिच्यात लागते."

अशी बोट राहिली आणि गॅरेजही गेलं. आता दुपारी मिस युला गॅरेजात, चाकांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या बोटीत, पुढच्या खुर्चीत झोपतात. डेलमरला पाना हवा असेल तर तो बूट दारात काढून आत जातो. शनिवारी तो त्यांना तळ्यावर नेतो. नियम त्यांनीच घातलेत. बोलायचं नाही, सारखी बोट हलवायची नाही, त्या खडखडणाऱ्या वस्तू आणायच्या नाहीत. डेलमर गळ टाकतो आणि सासूबाई जाग्या होतील या धास्तीनं तसाच बसून राहतो. देवाच्या धाकानं जे जमलं नाही ते असं जमलं.

ऑक्टोबरात पहिला फ्रंट गेला त्या शनिवारी त्याच्या गळाला एक बास लागला. त्यानं तो बसूनच, दात आवळून, इंच इंच जवळ घेतला आणि पाण्यात हात घालून जबड्याला धरला. एवढा मोठा मासा आमच्या तळ्यात असेल असं त्याला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं, आणि तो त्याबद्दल कायम सांगत आला होता. बोटीतल्या टाकीचं झाकण करकरतं. मासा बोटीत घेतला तर तो आपटणार आणि पुढच्या खुर्चीतलं घोरणं थांबणार. डेलमरनं त्याला थोडा वेळ पाण्यातच धरून ठेवलं आणि मग सोडून दिलं.

हे त्यानं बुधवारी चर्चच्या जेवणाला सांगितलं. हातानं माप दाखवलं.

"आणि साक्षीदार?" ब्रदर हॉलिसनी विचारलं.

"मला काही विचारू नका," मिस युला म्हणाल्या. "मी झोपले होते."

सगळं टेबल हसत होतं. कुणीतरी म्हणालं, "डेलमर, फ्रंट गेला होता असंच सांग ना, ते आम्हाला पाठ आहे."

डेलमर हात पसरून तसाच बसला होता. मिस व्हर्लीननी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी केळ्याच्या पुडिंगचं भांडं उचललं आणि पहिला मान नेहमी ज्यांचा, त्या ब्रदर हॉलिसना वगळून आधी त्याच्यापुढे सरकवलं.