थोरलीच्या दुरुस्त्या

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं असतात ना, त्यांची भाषांतरं करायचा धंदा सासूबाईंचा, आणि कामाला दोन्ही सुना. दोन वर्षांपूर्वी थोरलीनं एका कंपनीचा एआय आणला आणि चुका सुधारून सुधारून त्याला हाताखाली तयार केला. तेव्हापासून ऑफिसात शेवटचा शब्द तिचा. आता त्याच कंपनीशी पाच वर्षांचा करार व्हायचा होता. सासूबाईंची सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात धाकटीनं तोंड उघडलं. "आई, एकाच्याच दावणीला कशाला बांधून घ्यायचं? उद्या ते बिघडलं तर? दोन-तीन हाताशी असू देत."

सासूबाईंनी चक्क मान डोलावली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली ही, हिला काम मी शिकवलं, आणि आता आईंचे कान हिच्याकडे!

"घ्या ना परीक्षा," ती गोड हसून म्हणाली. "एकच पत्रक तीन कंपन्यांच्या एआयना द्या, नावं झाका. सगळ्यात चांगलं असेल ते माझंच निघेल."

तीन कागद टेबलावर आले. पहिला तिनं नाक मुरडून बाजूला सारला. दुसऱ्यात 'सेवन करावे' होतं, तोही गेला. तिसऱ्यात मात्र 'जेवण झाल्यावर घ्या', म्हाताऱ्या माणसालाही कळेल असं. तिची छाती फुगली.

"हा माझा. करा सही."

धाकटी चाचरली. "जाऊबाई, तो नव्या कंपनीचा आहे. तुमचा तो 'सेवन करावे'वाला."

"शक्यच नाही! ही माझी भाषा आहे."

"तुमचीच आहे. तुमची एकेक दुरुस्ती मी दोन वर्षं वहीत उतरवत होते. तीच त्याला वाचायला दिली. आता कुठलाही आणा, लिहील तुमच्यासारखंच."

थोरलीनं दुसरा कागद पुन्हा पुढे ओढून वाचला. महिन्यापूर्वी कंपनीनं तिचा एआय बदलला होता आणि तिनं शिकवलेलं सगळं नवा विसरला होता. तेव्हापासून ती जुन्याच चुका गुपचूप पुन्हा सुधारत होती आणि कुणाला पत्ता लागू देत नव्हती.

"मग?" सासूबाईंनी पेन उचललं. "करू सही?"

"नको," थोरली कशीबशी म्हणाली.

सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. थोरली बघत राहिली. हिनं लबाडी केली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. भांडता तरी आलं असतं.