पाठकोरा कागद

देवमनने चिठ्ठी पुढे केली तेव्हा भगवंतराव गठ्ठा बांधत होते. नांदगावच्या मोटार-स्टँडवर दर गुरुवारी त्यांचं हे काम चाले. आसपासच्या गावांतल्या बातम्या गोळा करायच्या, वर यादी ठेवायची, सुतळी आवळायची आणि कंडक्टर ओमप्रकाशच्या हाती गठ्ठा अकोल्याला साप्ताहिकाच्या कचेरीत धाडायचा. पेपरात यायचं तर याच गठ्ठ्यातून, दुसरी वाट नव्हती.

"पाचव्यांदा देऊन राहिलो," देवमन म्हणाला. "काहून नाई छापत ते?"

"लांबण लावतं तू. आटोपशीर लेह. अन् एकाच बाजूनं. पाठ कोरी पायजे, कचेरीचा नेम हाये."

"कोरीच हाये."

"मंग येईन. मायाकडून तर जाते बाप्पा!"

बातमी तीच होती. बौद्ध झाल्यावर देवमनच्या वस्तीने सरकारी विहिरीवर पाणी भरलं आणि दुसऱ्याच दिवशी गावाने विहिरीचा रहाट काढून पाटलाच्या गोठ्यात टाकला. गावकऱ्यांच्या घरोघरी आड होते, त्यांचं काय अडणार! वस्तीतल्या बाया भर उन्हात नाल्यातला झिरा उकरत बसत. देवमन वस्तीतला एकटा सातवी पास. पेपरात आलं की तहसीलदार धावत येईल, असं त्याने छातीठोकपणे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आताशा त्याची बायको पंचफुला रिकामी घागर त्याच्यासमोर आणून ठेवी. पहिल्यांदा पानभर लिहिलेली बातमी आता चार ओळींवर आली होती.

त्या आठवड्यातही ती छापून आली नाही, तेव्हा मजुरी बुडवून तो अकोल्याला गेला.

संपादक भला माणूस होता. त्याने देवमनला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"नांदगावहून अशी बातमी आलीच नाही हो," तो म्हणाला आणि तारेला टोचलेल्या याद्या काढून त्याने पुढ्यात ठेवल्या. "पाहा ना. लग्न, कुस्त्या, सरकीचा भाव. विहीर आहे का कुठे?"

देवमनने वरची यादी उचलली आणि उलटली. मागे त्याचंच अक्षर होतं. दुसरी उलटली, तिसरी उलटली. पाचही याद्या त्याच्याच चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलेल्या होत्या. भगवंतराव काटकसरी, कोरी पाठ वाया कशी जाऊ देतील?

संपादकाने चष्मा लावला. पाचही चिठ्ठ्या शेवटपर्यंत वाचल्या.

"आम्ही मागची बाजू पाहत नाही. एकाच बाजूने लिहायचा नियम आहे ना," तो हळूच म्हणाला.

"आता पाह्यली ना, सायेब? छापा मंग."

संपादकाने चष्मा काढून पुसायला घेतला. "तसं नाही करता येत. भगवंतरावांच्या यादीतून येऊ द्या."

चहा आला. देवमनने कपाला हात लावला नाही. परतीच्या मोटारीत त्याला भगवंतरावांपेक्षा त्या भल्या माणसाचाच जास्त संताप येत राहिला.

पुढच्या गुरुवारी त्याने सहावी चिठ्ठी दिली. भगवंतरावांनी सवयीने ती उलटून पाहिली. दोन्ही बाजू या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भरल्या होत्या. बोट टेकवायला जागा नव्हती.

"अरे, पाठ काहून भरवली? आता यादी कायच्यावर लेहू मी?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वर केली. देवमन त्यांच्याकडेच पाहत होता.

"लेहा ना," तो म्हणाला. "मी हाये इथीसा."

ओमप्रकाशने मोटारीतून हाक मारली. भगवंतराव क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पेटी उघडली, आतली नवी कोरी वही काढली आणि तिचं एक पान जपून फाडलं. त्यावर देवमनच्या देखत, सुवाच्य अक्षरात, त्यांनी यादी लिहिली. जयवंताचं लग्न, बैलांचा शंकरपट, हरवलेली म्हैस. विहीर नव्हती.

गठ्ठा गेला. देवमनची चिठ्ठी भगवंतरावांनी त्याच्या हातात परत दिली.

"हे काई आता कामाची नाई," ते म्हणाले.